देव होते तेव्हाही

१९५६ च्या धर्मांतराबद्दल जे लिहिलं जातं त्यात नागपूरचं मैदान असतं, पांढऱ्या लुगड्यांची आणि सदऱ्यांची गर्दी असते, भिक्खू चंद्रमणींच्या मागोमाग त्रिशरण म्हणणारे बाबासाहेब असतात. ते लिहिलं गेलंच पाहिजे, पुन्हापुन्हा लिहिलं गेलं पाहिजे. पण माझ्या मनात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला प्रश्न मैदानावरचा नाही, माणसं घरी परतल्यावरचा आहे. घरात देव होते. त्यांचं काय करायचं?

प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणता येतात. देव्हाऱ्यापुढं मात्र माणूस एकटं असतं, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बाई असते. सवयीचं जगणं सोडून ज्याची काही शाश्वती नाही असं जगणं पत्करावं का, हा प्रश्न ग्रंथांतून फार उंचावरून विचारलेला असतो. मला तो कळला आमच्या आजीमुळे. ती सही करायला शिकली होती, त्यापलीकडे लिहिणं-वाचणं तिला आलं नाही. तिनं दिलेलं उत्तर मला पुढं ग्रंथांतही भेटलं, पण आधी भेटलं ते तिच्याकडून.

आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. आजी म्हणजे वडिलांची आई. मी शाळेत मराठी शिकवायला लागले तोवर ती होती. लासलगावला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे निवांत बसली तरी तिचे हात काहीतरी निवडतच असायचे. सलग गोष्ट ती कधी सांगत नसे. एखादा तुकडा सांगायची, महिन्यांनी तोच तुकडा पुन्हा सांगायची, आणि प्रत्येक वेळी तेच शब्द त्याच जागी पडायचे. म्हणून तिच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे.

सोडायचं काय होतं, ते आधी नीट पाहायला हवं. आजच्या मुलांना वाटतं, त्यात सोडण्यासारखं होतंच काय? महार वतनात घरं पाळीपाळीनं येसकरकी करायची. पाळी आली की आजोबांच्या हातात घुंगरं लावलेली काठी यायची. गावात कोणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा, साऱ्यासाठी माणसांना चावडीवर बोलवायचं, सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची. उंबऱ्यापासून लांब उभं राहून हाळी द्यायची, आतून कुणीतरी येऊन वरूनच भाकरी टाकायचं. घोंगडीच्या खोळीत बाजरीची, ज्वारीची, सकाळची, कालची, सगळी एकत्र व्हायची. आजी चुलीपाशी बसून ती निवडायची. कालवण लागून ओली झालेली आधी खायची, कोरडी वाळवून ठेवायची. सुगीला खळ्यावरून बलुतं यायचं.

या सगळ्याला आमची माणसं लाचारी म्हणत नसत, हक्क म्हणत. बावन्न हक्क. बेदरच्या बादशहानं आमच्या पूर्वजाला त्यांची सनद दिली, अशी कथा होती आणि ती ताठ मानेनं सांगितली जायची. मेलेल्या ढोराच्या कातड्यावर हक्क, मढ्यावरच्या कापडावर हक्क. गाव आपल्याला शिवून घेत नाही, पण गावाचं आपल्यावाचून चालतही नाही, ही खात्री त्यात होती. शिवाय संध्याकाळी भाकरी येणार ही दुसरी खात्री. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा वतनाला हात लावायला आमच्यातलेच अनेकजण तयार नव्हते. त्या माणसांना मी भित्री म्हणणार नाही. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही, त्याला येणारी भाकरी सोडायला सांगणं ही साधी गोष्ट नाही, आणि सांगणाऱ्यानंही ते जाणूनच सांगितलं पाहिजे. बाबासाहेब जाणून होते.

आणि देव. देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा. त्यात खंडोबाचा आणि बहिरोबाचा पितळी टाक. सप्तशृंगीचा टाक चांदीचा होता, आजीच्या सासूनं पैसापैसा साठवून घडवून घेतलेला. शेंदूर लावलेला गोटा, ती मरीआई. बाजूला परडी आणि कवड्यांची माळ. चैत्रात वणीला जायचं, पौषात चंदनपुरीला. दर्शन लांबूनच व्हायचं, पण जायचं. बाईमाणसाला घराबाहेर पडायला, माहेरच्या बाया भेटायला, कासाराकडं बसून हातभर बांगड्या भरायला वर्षाकाठी मिळणारे दिवस तेच. तेव्हा देव सोडा म्हणणं म्हणजे नुसती श्रद्धा सोडा म्हणणं नव्हतं. त्याबरोबर सण जात होते, जत्रा जात होत्या, पोर तापानं फणफणलं की रात्री ज्याला हाक मारायची तेही जात होतं.

आता दुसरी बाजू. आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न इतरांच्या आधी पडला होता. २ मार्च १९३० ला नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या हाताखाली खेड्यापाड्यांतली पोरं तिथं गेली, त्यात आजोबा होते, विशीतले. पुढं पाच वर्षं सत्याग्रह चालला आणि देवळाचं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हाती नव्हतं, हिंदू म्हणून मरणं मात्र मी टाळणार आहे. येवलं आमच्यापासून लांब नाही. आजोबा तिथंही होते. घरी येऊन त्यांनी नव्या नवरीला, म्हणजे आजीला सांगितलं, आपल्याला हा धर्म सोडायचाय. तिनं विचारलं, मंग धरायचा कोनता? आजोबांना ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

या गोष्टीपाशी मी नेहमी थांबते. सोडायचं ठरलं १९३५ साली, आणि कुठं जायचं ते प्रत्यक्षात आलं १९५६ साली. मध्ये एकवीस वर्षं. एवढा काळ एक अख्खा समाज निघण्याच्या तयारीत उभा होता, आणि ज्याच्या शब्दावर उभा होता तो माणूस वाचत होता, तपासत होता, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांशी बोलत होता. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी हातात दिलेलं बुद्धचरित्र, दादरच्या घराचं नाव राजगृह, मुंबईच्या महाविद्यालयाचं नाव सिद्धार्थ, औरंगाबादच्या महाविद्यालयाचं मिलिंद, १९५४ च्या डिसेंबरात देहूरोडला बसवलेली बुद्धमूर्ती. आज मागं वळून पाहताना वाट सरळ दिसते. चालणाऱ्यांना ती तशी दिसत नव्हती. नवं आयुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं उडी येते, एका क्षणात घेतलेली, डोळे मिटून. आमच्या लोकांनी घेतली ती उडी नव्हती. त्यांनी वाट पाहिली, आणि वाट पाहताना प्रश्न जिवंत ठेवला. माझ्या मते ते उडीपेक्षा अवघड आहे, कारण रोजच्या रगाड्यात प्रश्न विझून जायला वेळ लागत नाही.

या निर्णयाविरुद्ध सगळ्यात भारी युक्तिवाद गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला. आपला धर्म उणा असला तरी परक्याच्या धर्मापेक्षा बरा, परक्याचा धर्म भयावह. येवल्याच्या घोषणेनंतर गांधीजींनीही, धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे, मनात येईल तेव्हा बदलायला, अशा अर्थाचं म्हटलं होतं. हे मी उडवून लावत नाही. या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. माणूस धर्म निवडून जन्माला येत नाही, धर्म आईच्या ओव्यांमधून, घरातल्या वासांतून अंगात भिनतो, आणि असं भिनलेलं काही काढताना माणसाचाच एक तुकडा निघून येतो. आजीच्या बाबतीत तो आला. पण या युक्तिवादाचा सगळा भार ‘आपला’ असण्यावर आहे. पाच वर्षं दाराशी उभं राहून जे दार उघडलं नाही, ते घर आपलं होतं का? ज्याला घरात घेतलंच नाही, त्याला घर बदलू नको म्हणून कसं सांगता येईल? भयावह काय, हे परक्या धर्माकडं न पाहताही आमच्या लोकांना ठाऊक होतं.

आजोबांना नागपूरला जाता आलं नाही. मुंबईतही दीक्षेचा कार्यक्रम व्हायचा होता, तेव्हा जाऊ असं त्यांनी ठरवलं होतं. मग ६ डिसेंबरची बातमी आली. ते मनमाडहून मिळेल त्या गाडीनं दादरला गेले, आणि ७ तारखेला बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायनांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली तेव्हा हात जोडून उभे राहिले. जरा विचार करा, त्या संध्याकाळी दीक्षा घेणाऱ्यांपाशी काय होतं? नागपूरला दोन महिनेही झाले नव्हते. हात धरून आणणारा गेला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत छापून यायचा होता, तो १९५७ साली आला. गावात विहार नाही, भिक्खू नाही, लग्न कसं लावायचं, मयत कशी करायची, हे सांगणारं कुणी नाही. सवलती राहतील की जातील ते माहीत नाही. महाराष्ट्रात त्या पुढं मिळाल्या, पण केंद्राच्या दप्तरात बौद्धांना अनुसूचित जातींत धरायला १९९० साल उजाडलं. म्हणजे दीक्षा घेतलेल्या एका अख्ख्या पिढीनं त्याची किंमत नोकरीच्या अर्जावर मोजली.

आजोबा घरी आले आणि म्हणाले, देव काढायचे. आजीनं विचारलं, “पोरं दुखण्यात पडली मंग कुनाला सांगायचं?”

आजोबांपाशी उत्तर नव्हतं. ते गप्प राहिले, आणि त्यांनी देवांना हात लावला नाही. काही घरांत पुरुषांनी एका रात्रीत देव्हारे रिकामे केले, बायका रडत राहिल्या. काही घरांत बायकाच पुढं होत्या आणि पुरुष कचरत होते. आमच्या घरात आजोबांनी प्रश्न तिच्यापाशी राहू दिला. त्या पुरुषाबद्दल मला जो आदर वाटतो तो सत्याग्रहाइतकाच या गप्प राहण्यासाठी आहे.

दरम्यान त्यांनी त्यांचं काम केलं. येसकराची काठी चावडीत नेऊन ठेवली आणि सांगितलं, आजपासून ही आमच्या घरात यायची नाही. महारवाड्यातल्या इतर घरांनीही तेच केलं. गावानं बलुतं बंद केलं, रानात मजुरी देणं बंद केलं. सरकारनं कायद्यानं वतनं काढून टाकली ती नंतर, कनिष्ठ ग्राम वतनांच्या निर्मूलनाचा कायदा १९५८ चा. आजोबांनी मनमाडला रेल्वेच्या गँगवर रोजंदारी धरली, आजीनं लासलगावच्या खळ्याची वाट धरली. ती म्हणायची की पहिल्या आठवड्याचे पैसे हातात आले तेव्हा तिनं बाजरी विकत आणली आणि सगळ्या भाकऱ्या एका रंगाच्या झाल्या.

आणि मग १९५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला एका पहाटे तिनं देव उतरवले. कुणी सांगितलं नव्हतं, आजोबा मनमाडला होते. तिनं टाक चिंचेनं घासले. इतक्या वर्षांत हळदीकुंकवाचा थर बसला होता, तो निघेपर्यंत घासले. मग जुन्या लुगड्याच्या पदरात तांदळाची मूठ, टाक, गोटा, परडी, माळ, सगळं बांधलं. शेजारची एक बाई म्हणाली, चांदीचा तेवढा ठेव, सोनार पैसे देईल, घरात दाणा नाही. आजी म्हणाली, “देव इकायचा नसतो.” नदीला पाणी कमी होतं. डोहापर्यंत चालत गेली, कमरेइतक्या पाण्यात उतरून गाठोडं सोडलं, हात जोडले आणि घरी येऊन खळ्यावर गेली.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात जोडल्याचं मला खटकलं होतं. सोडायचे तर हात कशाला जोडायचे? पुढं त्याचा अर्थ हळूहळू उलगडत गेला. ज्यांनी आपल्याला इतकी वर्षं सोबत केली त्यांना लाथ मारून निघालं तर निघालेलं माणूस मागंच अडकून राहतं, आयुष्यभर त्या लाथेचं समर्थन करत बसतं. आजीला समर्थन करायचं नव्हतं. तिचं त्यांच्याशी भांडण नव्हतं, काम संपलं होतं.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या काकाला गोवर निघाला. चार वर्षांचा होता. निफाडच्या दवाखान्यात नेला, ताप डोक्यात गेला, तो वाचला नाही.

गाव बोलायला लागलं. देव बुडवले, आता भोगा. महारवाड्यातलेही काही बोलले, आणि त्यातल्या दोघातिघांनी पुन्हा मरीआईला नैवेद्य दाखवला. त्यांना दोष देता येत नाही. आजीची सासू अजून होती, ती म्हणाली, डोहातून गोटा तेवढा काढून आणू. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आत्याबाई, देव व्हते तवा बी दोन गेली.”

माझ्या वडिलांच्या आधीची एक मुलगी आणि नंतरचा एक मुलगा. तेव्हा नवस बोलले होते, कोंबडं दिलं होतं, पोतराज नाचला होता.

मला या एका वाक्यात सगळा प्रश्न सुटलेला दिसतो. नवं काही करायला निघालेल्या माणसाकडं आपण हमी मागतो. जमलं नाही तर? पस्तावलास तर? आणि पहिलं अपयश आलं की लगेच खूण पटते, बघा, सांगितलं होतं. जे चालत आलंय त्याच्याकडं मात्र आपण कधी हिशेब मागत नाही. तिथं पोर गेलं तर नशीब, इथं गेलं तर धर्म बुडवल्याचं फळ. एकाच घटनेला दोन मापं. आजीनं दोन्हीला एकच माप लावलं. तेही शोक सुरू असताना लावलं, जेव्हा माणूस कुठल्याही आधाराला मिठी मारायला तयार असतं. नवा धर्म पोर वाचवील असं तिनं मानलंच नव्हतं, त्यामुळे पोर गेल्यावर तो खोटा ठरायचाही प्रश्न आला नाही. तिच्या मूळ प्रश्नाचं, कुणाला सांगायचं याचं, उत्तर तिला मिळालं नाही. उत्तर नसताना जगता येतं, एवढं तिला कळलं.

केसपुत्तच्या कालामांना बुद्धानं जे सांगितलं ते मी नोकरीला लागल्यावर वाचलं. परंपरेनं आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, ज्यानं अहित होतं ते सोडा आणि ज्यानं हित होतं ते धरून वागा. वाचताना मला आजीचं वाक्य आठवलं आणि वाटलं, ही बाई दीक्षाविधीला हजर नव्हती, पण दीक्षा तिचीच पक्की झाली.

बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा वेगळी सांगितली आहे. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून रात्रीतून निघून गेला, ही गोष्ट त्यांना पटली नाही. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण आहे. संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो, हरतो, आणि सैन्यात जायला नकार देतो. तेव्हा सेनापती सांगतो की संघ तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो, जमीन जप्त करू शकतो. घरच्यांवर हे येऊ नये म्हणून सिद्धार्थ स्वतःच परिव्रज्या पत्करतो. बहिष्कार आणि जमीन: ज्या लोकांसाठी हा ग्रंथ लिहिला गेला त्यांना या दोन शिक्षा समजावून सांगाव्या लागणार नव्हत्या.

आणि त्या कथेत यशोधरा झोपलेली नाही. तो आईवडिलांना सांगतो, मग तिला सांगायला जातो, आणि ती खचत नाही, निर्णयाला मान्यता देते. राहुल लहान नसता तर मीही आले असते म्हणते. बाई म्हणून मला या बदलाचं मोल फार वाटतं. मोठ्या त्यागांच्या गोष्टींत निघणाऱ्याचं नाव होतं आणि धोका मात्र घरी राहणाऱ्याच्या वाट्याला जातो. ज्याच्या वाट्याला धोका जाणार त्याला विचारलंच नाही, तर त्या निघण्यात मला धर्म दिसत नाही, कितीही उदात्त हेतू असला तरी.

ग्रंथात पुढं आणखी एक जागा आहे, तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सिद्धार्थ राजगृहापाशी असताना बातमी येते की शाक्य-कोलीयांचं भांडण मिटलं, युद्ध टळलं. आता परत जायला हरकत नाही. तो विचार करतो आणि परत जात नाही, कारण एक भांडण मिटलं तरी माणसामाणसातला संघर्ष संपलेला नाही. ज्या कारणानं घर सोडलं ते कारणच उरलं नाही, तरी पुढं चालायचं. पुष्कळ माणसं नाइलाजानं जुनं सोडतात. नाइलाज संपल्यावरही जी परत फिरत नाहीत, त्यांचंच नवं आयुष्य खरं सुरू होतं. येसकरकी पुढं कायद्यानंही गेली, देवळाची दारंही कायद्यानं उघडली. मग आता परत यायला काय हरकत आहे, असं आम्हाला अनेक सज्जनांनी विचारलं आहे. राजगृहाचं उत्तर हेच त्याचं उत्तर.

माझी भाची एका बँकेत अधिकारी आहे. तिला नोकरी सोडून पुणे विद्यापीठात पालीचा अभ्यास करायचाय. वय तिशीच्या पुढं, घराचा हप्ता चालू. परवा म्हणाली, “आत्या, नाही जमलं तर?” तिला मी आजीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, तू पालीचा हिशेब मांडतेस तसाच बँकेचाही मांड. पुढच्या वीस वर्षांत बँक तुला काय देईल आणि तुझ्याकडून काय नेईल, दोन्ही लिही. मग तुझ्या सासूबाईंशी आणि नवऱ्याशी बोल, कारण हप्ता त्यांच्यावरही येणार आहे. नोकरी सोड असं मी म्हटलं नाही. तिच्या निर्णयाची तुलना आजीच्या निर्णयाशी होऊच शकत नाही, तिच्यापाशी पदवी आहे, शिल्लक आहे. पण माप तेच लागतं.

आता आमच्या समाजाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. मज्झिम निकायात तराफ्याचा दृष्टान्त आहे. माणूस धोक्याच्या काठावरून पलीकडं जायला काटक्या-गवताचा तराफा बांधतो, हातापायांनी वल्हवत पार होतो, आणि पार झाल्यावर तो तराफा उपकाराखातर डोक्यावर घेऊन चालत नाही. धम्मसुद्धा पार होण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही, असं बुद्ध स्वतःच्या शिकवणीबद्दल म्हणतो. आपल्या धर्माबद्दल असं म्हणणारा दुसरा धर्मसंस्थापक मला ठाऊक नाही. आमच्याकडं काही घरांत जुने देव मागल्या दारानं परत आले आहेत, मुलीचं लग्न जमेना म्हणून, मुलाला नोकरी लागेना म्हणून. त्याहून जास्त घरांत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं रोज उदबत्ती लागते, आणि एकवीस वर्षं जिवंत ठेवलेला प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. वंदना पाठ आहे, पारख थांबली आहे. नवं आयुष्यही दोन पिढ्यांत वहिवाट होतं. हा कुणाचा अपराध नाही, माणसाचा स्वभाव आहे. पण ज्यांच्या आजीनं कमरेइतक्या पाण्यात उतरून सवय सोडली, त्यांनी नवी सवय तरी डोळे उघडे ठेवून लावावी, एवढी माझी अपेक्षा आहे.

तरीही निर्णयाचा तोल मला स्वच्छ दिसतो. १९५१ च्या जनगणनेत देशात बौद्ध होते एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास, १९६१ ला बत्तीस लाखांवर, त्यातले सत्तावीस लाखांहून अधिक महाराष्ट्रात. या आकड्यातलं प्रत्येक माणूस दारात आलेल्या गणकासमोर उभं राहून, गाव ऐकत असताना, ‘बौद्ध’ म्हणालं होतं. त्यांना कसलीही हमी नव्हती. त्यांच्या नातवंडांनी काय केलं ते आज निफाडच्या, नागपूरच्या, मुंबईच्या शाळा-कचेऱ्यांत कुणीही पाहावं. ज्यांनी काठी चावडीत ठेवली त्यांचं चुकलं नाही.

१९५६ साली जी बाई वीस-बावीस वर्षांची होती ती आज नव्वदीत आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांचं काम नोंदवून ठेवलं, पण ज्या कधी सभेला गेल्या नाहीत, व्यासपीठावर चढल्या नाहीत, अशा कितीतरी अजून खेड्यांत आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी कुणी असेल तर येत्या सुटीत तिच्यापाशी बसा. तिला तेव्हा कशाची भीती वाटली होती ते विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून काढा.